मार्चचा ब्रॅकेट: सीड बाजूला ठेवून जोड्या तपासायच्या कशा?

ऐरोली_लेफ्टी

नमस्कार मंडळी. ऑफिसात आम्ही तीसेक जण मार्चमध्ये अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलचा (पुरुष) ब्रॅकेट भरतो, म्हणजे त्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत कोण कुणाला हरवणार याचा तक्ता आधीच भरून ठेवतो. पैशांचा संबंध नाही, नुसती चुरस. गुण नेहमीच्या पद्धतीने: पहिल्या फेरीत बरोबर निकालाला १, पुढे २, ४, ८, १६ आणि अंतिम सामन्याला ३२.

खेळ मला परका नाही, संध्याकाळी एका कॉलेजच्या मुलींच्या संघाचा सराव घेते. पण तिकडच्या साडेतीनशेच्या वर संघांचा हंगामभर माग ठेवणं शक्य होत नाही. त्यामुळे बहुतेक जण सीड (समितीने दिलेला मानांकन क्रमांक, १ ते १६) बघून भरतात आणि मधूनच दोन-चार अपसेट (दुबळ्याने बलाढ्याला हरवणं) पेरतात. मला ते नको आहे. ब्रॅकेट लागायच्या आधी पद्धत ठरवून ठेवायची आहे, म्हणून विचारते:

समोरासमोरची जोडी तपासताना कोणते आकडे बघायचे, आणि कोणते फसवे असतात? ५ विरुद्ध १२ मध्ये निदान एक अपसेट धरायचाच असं सगळे म्हणतात, त्यात तथ्य किती? संथ खेळणारा दुबळा संघ जास्त धोकादायक असतो का? आणि यातलं काय आपल्या ठाणे झोनच्या सामन्यांना वापरता येईल? तिथे तर आकडेच मिळत नाहीत.

वर्तकनगर_शॉटक्लॉक

आधी वेळेचा हिशेब, कारण घाईत तिथेच गडबड होते. ब्रॅकेट तिकडे रविवारी संध्याकाळी ६ वाजता जाहीर होतो, म्हणजे आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेतीन. मार्चमध्ये तिकडची घड्याळं पुढे गेलेली असतात, म्हणून फरक साडेनऊ तासांचा धरा, साडेदहाचा नाही. मुख्य फेरी गुरुवारी दुपारी तिकडे सुरू होते, म्हणजे इथे गुरुवारी रात्री पावणेदहाच्या सुमारास ब्रॅकेट बंद. त्याआधी मंगळवार-बुधवारी डेटनला चार प्राथमिक सामने होतात, ते आपल्या बुधवार-गुरुवारच्या पहाटे. त्यांचे निकाल लागेपर्यंत साधारणपणे दोन ११ आणि दोन १६ क्रमांकांच्या जागा रिकाम्या असतात. म्हणून ११ क्रमांकाचे निर्णय गुरुवार सकाळवर ठेवा. त्या चार सामन्यांतून वर आलेल्यांना हलकं समजू नका. २०११ मध्ये व्हीसीयू आणि २०२१ मध्ये यूसीएलए याच प्राथमिक सामन्यांतून सुरुवात करून थेट उपान्त्य फेरीपर्यंत गेले होते.

आता नियम, कारण तुम्ही फिबाच्या (आपल्याकडच्या आंतरराष्ट्रीय नियमांच्या) सवयीने आकडे वाचाल. तिकडे पुरुषांत २० मिनिटांचे दोन हाफ, शॉट क्लॉक ३० सेकंद. थ्रीची (तीन गुणांच्या शॉटची) रेषा २०१९-२० पासून ६.७५ मीटर, आपल्यासारखीच. मोठा फरक फाउलचा. आपल्याकडे दर क्वार्टरला टीम फाउल शून्यावर येतात. तिकडे ते अख्खा हाफ साठत जातात. सातव्या फाउलपासून ‘वन अँड वन’ (पहिली फ्री थ्रो पडली तरच दुसरी) आणि दहाव्यापासून सरळ दोन. त्यामुळे आत घुसून फाउल काढणारा संघ हाफची १०-१२ मिनिटं शिल्लक असतानाच रेषेवर जायला लागतो. शिवाय पाच फाउलला बाहेर. पहिल्या हाफमध्ये दोन फाउल झालेल्या सेंटरला बरेच कोच मध्यंतरापर्यंत बसवून ठेवतात. एकाच उंच खेळाडूवर उभ्या असलेल्या संघाची जोडी तपासताना समोरचा संघ फाउल किती काढतो, हे म्हणूनच आधी बघायचं.

पायाभूत हिशेब सोपा आहे. सामन्याला गुण किती हे बघू नका, दर १०० पझेशनला (चेंडू ताब्यात आल्यापासून जाईपर्यंतची एक संधी) गुण किती हे बघा. पझेशनची संख्या म्हणजे शॉट, वजा ऑफेन्सिव्ह रिबाउंड (आपलाच चुकलेला शॉट परत घेणं), अधिक टर्नओव्हर (शॉट न मारताच चेंडू गमावणं), अधिक ०.४७५ गुणिले फ्री थ्रो. केन पोमरॉयच्या केनपॉम साइटवर मुख्य तक्ता फुकट दिसतो, बार्ट टॉर्विकची साइट तर पूर्ण फुकट आहे. दोन्हीकडे प्रतिस्पर्ध्याच्या ताकदीनुसार दुरुस्त केलेले आक्रमण, बचाव (दर १०० पझेशनला दिलेले गुण, कमी तेवढे चांगले) आणि गती (सामन्यातली पझेशन) असे तीन आकडे मिळतात.

समजा ‘क’ संघाचं आक्रमण ११८, बचाव ९५, गती ७१. ‘ख’ संघाचं आक्रमण ११०, बचाव ९८, गती ६४. देशाची सरासरी १०५ आणि गती ६८ धरू. ‘क’चे अपेक्षित गुण दर १०० पझेशनला ११८ + ९८ − १०५ = १११. ‘ख’चे ११० + ९५ − १०५ = १००. सामन्याची गती ७१ + ६४ − ६८ = ६७. म्हणजे साधारण ७४ विरुद्ध ६७, ‘क’ ७ गुणांनी पुढे. एका सामन्यातला चढउतार ११ गुणांच्या आसपास असतो, त्या हिशेबाने ७ गुणांची आघाडी म्हणजे जिंकण्याची शक्यता ७५ टक्के. चारातला एक सामना ‘ख’ नेणार. हा आकडा प्रत्येक जोडीसमोर लिहून काढा, ३२ जोड्यांना तासाभराचं काम आहे. सीड समितीने दिलेला असतो, तो हंगामातल्या विजयांचं बक्षीस आहे. आजची ताकद त्यातून कळतेच असं नाही. ६ आणि ११ क्रमांकांमध्ये कधीकधी एकाच गुणाचा फरक निघतो, आणि तुम्हाला हव्या त्या जागा अशाच सापडतात.

नेरूळ_रिबाउंडर

वरचा हिशेब पाया म्हणून बरोबर, पण त्यात ‘क’ची ‘ख’शीच गाठ आहे हे कुठेच येत नाही. तो सरासरी संघाविरुद्धचा आकडा आहे. जोडी तपासायची म्हणजे एकाच्या सवयी दुसऱ्याच्या सवयींवर ठेवून बघायच्या.

त्यासाठी डीन ऑलिव्हरचे चार घटक पुरतात. त्याने दिलेलं वजन: शूटिंग ४०, टर्नओव्हर २५, रिबाउंड २०, फ्री थ्रो १५. शूटिंग मोजताना थ्रीला दीडपट मान द्यायचा: ६० शॉट, २६ बास्केट, त्यातले ८ थ्री असतील तर (२६ + ४) ÷ ६० = ५० टक्के. रिबाउंड नुसत्या संख्येत नाही, टक्क्यांत बघायचे: आपल्या चुकलेल्या शॉटपैकी किती आपणच परत घेतले. सरासरी ३० टक्क्यांच्या आसपास असते.

उदाहरण रिबाउंडचंच घेते. ‘क’ स्वतःच्या चुकांपैकी ३६ टक्के परत मिळवतो, आणि ‘ख’ समोरच्याला ३३ टक्के मिळू देतो. ३६ + ३३ − ३० = ३९ टक्के. सामन्यात ३५ शॉट चुकले तर १०-११ च्या जागी १३-१४ परत मिळाले, म्हणजे तीन जादा संधी, त्याही रिंगखाली. टर्नओव्हरचं तसंच. २० टक्के चेंडू गमावणारा संघ २२ टक्के काढून घेणाऱ्यासमोर आला, आणि सरासरी १७.५ असली, तर अंदाज २४.५ टक्क्यांवर जातो: ६७ पझेशनमध्ये १६ टर्नओव्हर. त्यातले निम्मे मैदानाच्या मध्यावर गेले तर समोर मोकळा लेअप.

आता फसवे आकडे. पहिला आणि सगळ्यात महाग: ‘प्रतिस्पर्ध्यांची थ्रीची टक्केवारी’. हा संघ समोरच्याला २९ टक्केच थ्री मारू देतो, म्हणजे बचाव भारी, असं वाटतं. बहुतांशी ते नशीब असतं. शॉट सुटल्यावर बचाव करणाऱ्याच्या हातात फारसं उरत नाही. त्याच्या हातात असतं ते किती थ्री मारू द्यायचे. म्हणून टक्केवारी सोडा, समोरच्याच्या एकूण शॉटपैकी थ्री किती हे प्रमाण बघा. प्रतिस्पर्ध्यांच्या फ्री थ्रोची टक्केवारी तर शुद्ध योगायोग. ती कमी असलेल्या संघाचा बचाव खऱ्यापेक्षा चांगला दिसतो आणि मार्चमध्ये उघडा पडतो.

दुसरा फसवा आकडा छोट्या कॉन्फरन्सचा (तिकडच्या कॉलेज लीगचा). एकूण आक्रमण-बचाव प्रतिस्पर्ध्यानुसार दुरुस्त केलेले असतात, पण चार घटकांचे तक्ते बहुतेक ठिकाणी कच्चेच असतात. १२ क्रमांकाचा संघ २३ टक्के टर्नओव्हर काढतो म्हणून हुरळून जाऊ नका. ते कुणाकडून काढले? टॉर्विकवर प्रतिस्पर्ध्यांच्या क्रमवारीनुसार चाळणी लावता येते. पहिल्या १०० संघांविरुद्धचेच सामने ठेवा आणि मग बघा तो आकडा २३ वर टिकतो की १६ वर येतो. सामने चार-पाचच असतील तर कल म्हणून घ्या, पुरावा म्हणून नाही.

तिसरं, थ्रीवर जगणारे संघ. २३ थ्री मारणारा ३५ टक्क्यांचा संघ सरासरी ८ पाडतो, पण काहीही वेगळं न घडता ६ किंवा १० पडणं अगदी नेहमीचं आहे. म्हणजे नुसत्या हाताच्या लयीत ७ गुण इकडेतिकडे. थ्री जास्त मारणारा दुबळा संघ अपसेटसाठी चांगला का, तर तो मुळात भारी असतो म्हणून नाही, त्याची उडी मोठी असते म्हणून. २०२४ मध्ये १४ व्या क्रमांकाच्या ओकलंडने केंटकीला ८०-७६ हरवलं, त्यात जॅक गोल्कीने २० थ्री मारून १० पाडले. असा संघ तुमच्या बलाढ्य संघासमोर आला तर शक्यता ७५ वरून ७२ करा. पण पुढच्या फेरीत तोच संघ परत तसंच मारेल असं धरू नका.

कळवा_बॅककोर्ट

आकड्यांनी कुठे बघायचं ते कळतं. काय घडेल ते कळण्यासाठी एक प्रश्न विचारा: समोरच्या संघाने दबाव टाकला तर चेंडू पुढे कोण आणणार?

दोन सामने शेजारी ठेवून बघा, दोन्हींत एकच सेंटर आहे. २०२३ मध्ये पर्ड्यू पहिला क्रमांक, मध्ये ७ फूट ४ इंचांचा झॅक ईडी. समोर १६ व्या क्रमांकाचा फेअरली डिकिन्सन, उंचीने त्या वर्षी संपूर्ण डिव्हिजनमधला सगळ्यात बुटका संघ. सीड बघणाऱ्याला वाटणार, रिंगखाली चिरडून टाकतील. पण पर्ड्यूचे दोन्ही मुख्य गार्ड (चेंडू पुढे आणणारे) पहिल्या वर्षाचे होते. फेअरलीने पूर्ण मैदानात प्रेस (चेंडू पुढे आणतानाच दबाव) लावला, ईडीच्या पुढे एक आणि मागे एक उभा केला, आणि बाहेरच्या पोरांना सांगितलं, मारा थ्री. पर्ड्यूचे २६ पैकी ५ पडले, १६ टर्नओव्हर झाले, निकाल ६३-५८. ईडीने २१ गुण केले तरी शेवटच्या काही मिनिटांत त्याच्यापर्यंत चेंडूच पोचत नव्हता.

पुढच्या वर्षी तेच गार्ड एक वर्षाने मोठे झाले होते आणि पर्ड्यू अंतिम सामन्यात पोचला. समोर यूकॉन. त्यांच्याकडे ७ फूट २ इंचांचा डोनोवन क्लिंगन होता, म्हणून दुहेरी पहारा लावायची गरजच नव्हती. ईडीला एकास एक खेळू दिलं, त्याने ३७ गुण केले. पण मदतीला कुणी आत न गेल्यामुळे बाहेरचे चारही थ्री मारणारे बांधलेले राहिले. हंगामभर ४० टक्क्यांच्या आसपास थ्री मारणाऱ्या संघाला सामन्यात सातच थ्री मिळाले, पडला एक. निकाल ७५-६०.

यातून तपासणीसाठी तीन गोष्टी काढता येतात. उंच सेंटरला एकटा सांभाळणारा समोर आहे का? नसेल तर मदत कुठून जाणार, आणि तो सोडलेला खेळाडू थ्री मारतो का? गार्डचं वय आणि असिस्ट (बास्केट करून देणारे पास) आणि टर्नओव्हर यांचं गुणोत्तर काय? १.० च्या खाली असलेला मुख्य गार्ड प्रेस करणाऱ्या संघासमोर आला तर मी सीड बघत नाही.

आणखी एक जागा लोक विसरतात: एक दिवसाची तयारी. गुरुवारी जिंकलेला संघ शनिवारी खेळतो, शुक्रवारचा रविवारी. पहिल्या फेरीला चार दिवस अभ्यास करायला मिळतात, दुसऱ्या फेरीला एकच. म्हणून विचित्र पद्धतीचा संघ दुसऱ्या फेरीत जास्त त्रास देतो. सिरॅक्यूजची २-३ झोन (पुढे दोन, मागे तीन असा जागा राखून बचाव) हे त्याचं जुनं उदाहरण: २०१६ मध्ये १० व्या क्रमांकावरून उपान्त्य फेरी, २०१८ आणि २०२१ मध्ये ११ व्या क्रमांकावरून शेवटच्या १६ मध्ये.

दुखापती बुधवारी रात्री पुन्हा तपासा. २०१८ मध्ये यूएमबीसीने व्हर्जिनियाला ७४-५४ ने हरवलं, तेव्हा व्हर्जिनियाचा डिअँड्रे हंटर मनगट मोडल्यामुळे बाहेर होता. हंगामाच्या आकड्यांत तो होता, मैदानात नव्हता.

घोडबंदर_टेम्पो

संथ संघाच्या प्रश्नाला अजून कुणी हात लावला नाही, आणि तिथे समज मोठा आहे. ‘पझेशन कमी, म्हणून अपसेटची शक्यता जास्त’ हे दिशेने बरोबर आहे, पण परिणाम फार लहान आहे. शॉटक्लॉक यांचंच उदाहरण घ्या. ‘क’ दर १०० पझेशनला ११ गुणांनी पुढे. ६७ पझेशनला आघाडी ७.४ गुण, चढउतार ११. दुबळ्या संघाने सामना ५८ पझेशनवर खेचला तर आघाडी ६.४ होते, पण चढउतारही १०.२ वर येतो. शक्यता ७५ वरून ७३-७४ टक्के. एक-दीड टक्क्यासाठी निर्णय बदलू नका. गती तपासायची ती वेगळ्या कारणासाठी: धावत खेळून गुण करणाऱ्या संघाला पाच विरुद्ध पाच मांडणीत गुण करता येतात का, हे बघायला.

व्हर्जिनियाचा सामना संथपणामुळे गेला असं सांगतात, तेही अर्धवट आहे. मध्यंतराला २१-२१ होते. नंतर यूएमबीसीने ५३ गुण ओतले. त्यांचे थ्री २४ पैकी १२ पडले, व्हर्जिनियाचे २२ पैकी ४. मागे पडल्यावर भरून काढायला व्हर्जिनियाकडे वेग नव्हता, एवढंच संथपणाकडे जातं. त्याच कोचचा, त्याच गतीचा संघ पुढच्या वर्षी विजेता झाला.

नेरूळ यांच्या मांडणीबद्दल एक सावधगिरी. रिबाउंडच्या तीन जादा संधींचे ३-४ गुण सरळ ७.४ मध्ये मिळवायचे नाहीत. ‘क’ चांगला रिबाउंड घेतो आणि ‘ख’ वाईट, हे दोन्हींच्या १०० पझेशनच्या आकड्यांत आधीच मुरलेलं आहे. दोन सवयी एकमेकींवर पडल्याने जे वाढतं तेवढंच नवं. मी अशा जोडीला जास्तीत जास्त दीड-दोन गुण हलवतो, तेही मूळ फरक पाचाच्या आत असेल तरच. दहा गुणांचा फरक असलेल्या जोडीत कितीही सुंदर जुळणी दिसली तरी हात लावत नाही.

ऐरोली_लेफ्टी

सगळ्यांचे मनापासून आभार. म्हणजे क्रम असा समजते: आधी गुणांचा फरक, मग पाचाच्या आतल्या जोड्यांत चार घटक आणि गार्ड, शेवटी दुखापती. पण समजा १२ क्रमांकाच्या संघाची शक्यता सगळं करून ४२ टक्के आली. तो घ्यायचा की नाही? तिसांत पहिलं यायचंय, चांगला ब्रॅकेट भरला एवढ्यावर समाधान नाही.

सानपाडा_ब्रॅकेट

इथे खेळाचा प्रश्न संपतो आणि गुणांचा सुरू होतो.

तुमच्या पद्धतीत प्रत्येक फेरीला एकूण ३२ गुण आहेत, सहा फेऱ्या मिळून १९२. विजेता बरोबर निघाला तर त्या एका संघाने १ + २ + ४ + ८ + १६ + ३२ = ६३ गुण दिले. १२ क्रमांकाने दिला १. म्हणून तुमच्या आठवड्यातला अर्धा वेळ विजेत्यावर घालवा. सगळे नेमकं उलटं करतात, पहिल्या फेरीवर तीन संध्याकाळी आणि विजेता शेवटच्या मिनिटाला.

४२ टक्क्यांचं उत्तर पुढच्या फेरीत आहे. ५ क्रमांकाला तुम्ही दुसऱ्या फेरीत ४ कडून हरवणारच असाल, तर १२ घेऊन सरासरी ०.१६ गुणाचं नुकसान, म्हणजे काहीच नाही. वेगळेपणा हवा असेल तर घ्या. पण त्याच ५ क्रमांकाला शेवटच्या १६ मध्ये किंवा पुढे पाठवायचा विचार असेल तर १२ घेणं महाग पडतं, कारण चुकलं की पुढचे २ आणि ४ गुणही गेले. कोट्याने अपसेट धरायचे नाहीत. १२ क्रमांक ५ ला हरवतो हे साधारण ३५ टक्के वेळा घडतं, म्हणजे चार सामन्यांत सरासरी एक-दीड. पण कोणता, हे माहीत नसताना धरलेला अपसेट दोनदा चुकवतो: हरणारा निवडला आणि जिंकणारा सोडला. ८ विरुद्ध ९ जवळजवळ निम्मे-निम्मे, तिथे सीड पूर्ण विसरा. २ विरुद्ध १५ मध्ये १९८५ पासून २०२५ पर्यंत १६० सामन्यांत ११ धक्के बसले, १ विरुद्ध १६ मध्ये २. या दोन ओळींत बलाढ्य संघ घ्या आणि पुढे जा.

विजेता निवडताना दोन आकडे शेजारी मांडा: जिंकण्याची शक्यता, आणि किती लोकांनी तो संघ घेतला आहे. मोठ्या ब्रॅकेट साइट्स दुसरा आकडा दाखवतात. समजा एका संघाची शक्यता २२ टक्के पण ३५ टक्के लोकांनी घेतलाय. दुसऱ्याची १५ टक्के आणि ६ टक्के लोकांनी घेतलाय. तुमच्या तिसांत पहिल्यावर दहा जण बसलेत. तो जिंकला तरी त्या दहांत पहिलं यायला बाकीच्या सगळ्या फेऱ्या त्यांच्यापेक्षा चांगल्या लागतील. दुसऱ्यावर तुमच्यासह दोघं. मी दुसरा घेतला असता. दहा जणांच्या गटात मात्र पहिलाच बरोबर, तिथे वेगळेपणाची गरज कमी. ऑफिसच्या गटात लोक ओळखीची नावं घेतात, ड्यूक, नॉर्थ कॅरोलायना, केंटकी; त्या नावांवर गर्दी देशाच्या आकड्यापेक्षाही जास्त धरा.

विजेत्यासाठी एक चाळणी: आक्रमण आणि बचाव दोन्ही वरच्या रांगेत हवेत. बहुतेक विजेते आक्रमणात पहिल्या २०-२५ मध्ये आणि बचावात पहिल्या ४० मध्ये सापडतात. नुसत्या आक्रमणावर सहा सामने निघणं अवघड, एक दिवस थ्री पडत नाहीतच. उपान्त्य फेरीत चारही पहिले क्रमांक घालायचा मोह होईल. २०२५ पर्यंत ते दोनदाच झालंय, २००८ आणि २०२५. एकही पहिला क्रमांक नाही, असं २००६, २०११ आणि २०२३ मध्ये झालं. दोन पहिले क्रमांक, एक २ किंवा ३, आणि एक तुमच्या अभ्यासातून निघालेला, अशी मांडणी तिसांच्या गटाला बरी.

भरताना मागून पुढे या. आधी विजेता, मग अंतिम सामना, मग चार विभागांचे विजेते, आणि पहिली फेरी सगळ्यात शेवटी.

कळवा_बॅककोर्ट

ठाणे झोनचा भाग राहिला, आणि माझ्या मते तुमच्या संघाला तोच जास्त कामाचा.

सुरुवात ड्रॉपासून. समजा ११ संघ आहेत. पुढची दोनाची घात १६, म्हणून ५ बाय (पहिली फेरी न खेळता पुढे). वरच्या अर्ध्यात ६ संघ आणि २ बाय, खालच्या अर्ध्यात ५ संघ आणि ३ बाय. तक्ता हातात आला की लगेच दोन गोष्टी शोधा: तुमच्या पुढच्या सामन्यातला प्रतिस्पर्धी बाय घेऊन ताजा येणार की त्याच सकाळी एक सामना खेळून, आणि त्याचा सामना तुम्हाला बसून बघता येईल का. झटपट स्पर्धांत एका दिवसात दोन सामने लागतात. सहा-सात मुलींवर चालणारा संघ दुसऱ्या सामन्याच्या तिसऱ्या क्वार्टरला पायाने थकतो, आणि ते आधी रिबाउंडमध्ये दिसतं, मग फाउलमध्ये.

आकडे स्वतः गोळा करायचे. दोघी लागतात: एक बघून बोलते, दुसरी लिहिते. एकटीने बघत लिहिलं की निम्मे टर्नओव्हर सुटतात. वहीच्या एका पानावर मैदानाची अर्धी आकृती काढा; शॉट पडला तर गोल, चुकला तर फुली, शेजारी जर्सीचा नंबर. बाजूला चार रकाने: टर्नओव्हर, ऑफेन्सिव्ह रिबाउंड, फ्री थ्रो, टीम फाउल. टर्नओव्हरपुढे कारण एका अक्षरात: ‘प्रे’ प्रेसमध्ये, ‘पा’ पास अडला, ‘ट्रॅ’ ट्रॅव्हलिंग. पझेशनचं सूत्र तेच, फक्त फ्री थ्रोला ०.४४ ने गुणा, कारण आपल्याकडे वन अँड वन नाही.

एका-दोन सामन्यांच्या शूटिंग टक्केवारीवर विसंबू नका. नेरूळ यांनी सांगितलेला २३ थ्रीचा चढउतार आठवा, इथे तर आठ-दहाच थ्री असतात. सवयी मात्र एका सामन्यात कळतात आणि त्या बदलत नाहीत. चेंडू कोण आणते, आणि ती फक्त उजव्या हाताने ड्रिबल करते का? झोन २-३ आहे की ३-२, आणि पास कोपऱ्यात गेल्यावर मागची मुलगी बाहेर येते की जागीच राहते? क्वार्टरमधला चौथा टीम फाउल किती मिनिटांनी होतो? तो लवकर होत असेल तर पाचव्यापासून दोन फ्री थ्रो मिळतात, म्हणून तुमची घुसणारी मुलगी त्या क्वार्टरच्या शेवटासाठी राखून ठेवा.

मैदानाचंही लिहून ठेवा. उघड्या सिमेंट कोर्टवर संध्याकाळी वाऱ्याने लांबचे शॉट वाकतात, आणि बोर्ड सैल असेल तर चेंडू मरून खाली पडतो. अशा कोर्टवर थ्रीच्या संघाची ताकद घटते, रिबाउंड रिंगजवळच पडतात, आणि आत खेळणाऱ्या संघाचं पारडं जड होतं. वॉर्म-अपला दोन्ही रिंगवर दहा-दहा बँक शॉट मारून बघा. एक बोर्ड सैल निघाला तर दुसऱ्या हाफमध्ये तुम्ही कोणत्या रिंगवर मारणार, त्यावरून आधीच्या दोन क्वार्टरांत किती थ्री मारायचे ते ठरवता येतं.

ऐरोली_लेफ्टी

वहीचं पान आजच आखून घेते. एक शंका: आमच्याकडे प्रेस मोडायला दोनच मुली आहेत आणि समोरचा संघ चारही क्वार्टर प्रेस लावतो. त्या दोघींना एकत्र खेळवायचं की आलटून पालटून?

कळवा_बॅककोर्ट

एकत्र. एकच असली की सापळा तिच्यावरच लागतो, दुसरीला पास देऊन परत घेता येत नाही. बेसलाइनवरून चेंडू तिसरीने द्यायचा, तुमची उंच मुलगी मध्य रेषेजवळ उभी करायची, आणि पहिला पास साइडलाइनच्या कोपऱ्यात घ्यायचा नाही. सापळ्याची जागा तीच असते. आठ सेकंदांत चेंडू पुढे न्यायचा आहे, म्हणून पाचव्या सेकंदाला तो उंच मुलीच्या हातात असला पाहिजे. विश्रांती हवी असेल तर दोघींना एकदमच बसवा, आणि तेही समोरच्या संघाची प्रेसची मुख्य मुलगी बाकावर असताना.